डावं-उजवं

पेन्रिनच्या यार्डात बोट टेकूंवर उभी आहे,
पोटाखालून वारा जातो.
ओहोटी. खाडीत नुसता राखाडी गाळ
आणि एक पांढरा बगळा,
थकबाकी वसूल करायला आल्यासारखा.

मेरिनने डाव्या ड्राइव्हचा खालचा स्क्रू सैल केला
तेव्हा तेल लगेच आलं नाही.
आधी थेंबभर पाणी,
मग दुधाळ, नासलेल्या कॉफीसारखं काहीतरी.
तिने ते चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं,
बोटीचं दुखणं बोटावर.
स्क्रूच्या चुंबकाला लोखंडाची कुसळं.

मग स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाशी:
जयगडचे माझे मामा लाँचचं इंजिन असंच ऐकायचे,
डोळे मिटून, विडी विझू देत.
ऐकून ती म्हणाली, दळतंय.
रबराचा बेलोज चिरलेला. झिंकचे ठोकळे
समुद्राने चघळून थुंकलेले.
बाकी धातूंचं मरण अंगावर घ्यायला
लावतात त्यांना. दोन वर्षं बदलले नाहीत आम्ही.

उजव्याचं तेल मात्र मधासारखं.
एकाच वर्षाचे, एकाच पाण्यातले,
एकाच हाताने पळवलेले,
तरी हे डावं-उजवं कुणी केलं
ते मेरिनलाही सांगता येईना.

नवी जोडी एकोणीस हजार पौंड, बसवणं वेगळं.
अख्खी बोट विकली तर चौदा येतील,
तेही गिऱ्हाईक भोळं असेल तर.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला:
मी नेडला हे इंग्रजीत सांगून पाहिलं.
तो म्हणाला, पण कोंबडी चांगली होती का?

एकच नवा घेतला तर
गिअरचं प्रमाण जुळणार नाही.
एक ओढणार, दुसरा फरफटणार,
आणि सुकाण दिवसभर त्यांची भांडणं मिटवत बसणार.
दुरुस्ती सहा हजार दोनशे. हमी बारा महिने.
आतलं केसिंग कुजलेलं निघालं
तर पुन्हा बोलू, म्हणाली मेरिन.

तीस वर्षं मी कॅम्बोर्नच्या कौन्सिलात घसारा लिहिला.
दरसाल वीस टक्के, किंमत शून्य होईपर्यंत.
शून्य झालेल्या वस्तू वापरात असायच्याच:
एक वजनकाटा, दोन शिड्या,
माझी खुर्ची.
सेंट मॉजच्या धक्क्याला मी घासलेली रेघ
बोटीच्या कुशीवर अजून आहे.
नेड तिला माझी सही म्हणतो.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं असतं?

मेरिनने हात पुसले, फडक्याने, मग पॅंटीला.
तिने एकच विचारलं:
अजून किती वर्षं नेणार आहात तिला पाण्यात?

नेड म्हणाला, दहा.
त्याच क्षणी मी म्हणाले, चार.

शेजारच्या डोलकाठ्यांवर दोऱ्या आपटत होत्या.
गेल्या सप्टेंबरात मूरिंगची दोरी
त्याच्या हातून दोनदा हुकली.
ते मी कुठेच लिहिलेलं नाही.
तो बगळ्याकडे बघत होता, मी बुटांकडे.

सात, मी म्हणाले.

मेरिनने भरतीच्या वेळांच्या तक्त्यामागे लिहिलं:
डावा पूर्ण उघडायचा.
उजव्याला बेलोज, झिंक. बाकी हात लावायचा नाही.
मी मनात सातने भागलं,
आठशे पंच्याऐंशी, वर काही पेन्स,
आणि पेन्स सोडून दिले,
आयुष्यात पहिल्यांदा.

गाळाच्या घळीतून पाणी परत यायला लागलं होतं,
वीतभर, घाई न करता.
नेड बोटीच्या मागे गेला
आणि उजव्या ड्राइव्हवर थाप मारली,
घोड्याला मारावी तशी.
निघाला. दोन पावलं गेला.
मग वळून
डाव्यालाही.